जांभळ्या पानांचा करगा

आमच्या शाळेच्या जीवशास्त्राच्या पुस्तकात उत्क्रांतीचा धडा शेवटून दुसरा होता. परीक्षा तोंडावर आलेली असायची, त्यामुळे बहुतेक शिक्षक 'घरी वाचून घ्या' म्हणून तो उडवून लावत. मी उडवत नसे. धडा आवडायचा म्हणून नव्हे, त्याचा राग यायचा म्हणून.

रागाचं पहिलं कारण जिराफ. एक फ्रेंच गृहस्थ म्हणाले की उंच झाडाचा पाला खायला मान ताणताणून जिराफाची मान लांब झाली आणि ती लेकरांकडे गेली. ते चुकले. मग एक दाढीवाला इंग्रज आला, तो बरोबर निघाला. धड्यातला इतिहास एवढाच, एक ढ आणि एक हुशार. नागपूरला बी.एस्सी. करताना मी कॉलेजच्या लायब्ररीत चार-पाच दुपारी बसून त्या हुशाराचं थोडं लिखाण वाचलं होतं. इंग्रजी निम्मंच कळायचं. पण वापराने अवयव बदलतो आणि तो बदल पुढच्या पिढीत उतरतो, हे तोसुद्धा बऱ्याच अंशी मानत होता, एवढं त्या निम्म्यातही कळलं. ज्या चुकीसाठी एकाला वर्गाबाहेर उभं केलं होतं तीच चूक दुसऱ्याच्या वहीत होती, आणि गुरुजींनी ती वही झाकून ठेवली होती. मी हे आमच्या सरांना विचारलं. ते म्हणाले, परीक्षेत येणार नाही, बस खाली.

दुसरं कारण जास्त जवळचं होतं. उत्क्रांती इतकी सावकाश, लाखो वर्षांत होते की माणसाला ती डोळ्यांनी दिसत नाही, अशा अर्थाचं एक वाक्य धड्यात होतं. अड्याळच्या शाळेत ते वाक्य मी दरवर्षी फळ्यावर लिहायचे. आणि शनिवारी दोन कोस चालत गावी गेले की बाबांच्या धानात तीच गोष्ट उघड्या डोळ्यांनी पाहायचे.

आमची शेती गावतळ्याच्या खाली, सगळी धानाची. बाबा रोपांची रोवणी करत नसत. घरची माणसं कमी, म्हणून बी सरळ फेकून आवत्या धान घेत. अशा फेकलेल्या धानात एक तण माजतं, त्याला आमच्याकडे करगा म्हणतात. करगा म्हणजे रानटी धानच. पान तेच, खोड तेच, रंग तोच. लोंब बाहेर पडेपर्यंत भल्याभल्याला ओळखू येत नाही. लोंब पडली की लांब कूस दिसते, आतला दाणा लाल असतो, आणि कापणीच्या आधीच तो सगळा झडून मातीत जातो. पुढच्या साली पेरायची गरज नाही, तो हजर. बाबा त्याला शिव्या देत, निंदणाऱ्या बायांना शिव्या देत, आणि दोन्हींचा उपयोग सारखाच होत असे.

माझी मावशी बपेऱ्याला दिलेली होती. तिकडून नदी ओलांडली की मध्य प्रदेश. मावशीच्या मोठ्या दिराने पलीकडच्या कोणाकडून एक नवलाचं धान आणलं होतं, त्याची पानं जांभळी होती. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर केव्हा तरी बाबा त्या बियाण्याचं पोतं घेऊन आले, ते अगदी लग्नाचं जमवून आल्यासारखे.

"आता पाहा करग्याची मजा," ते म्हणाले. "धान जांभळं, करगा हिरवा. हिरवं दिसलं का उपट. आंधळ्यालेबी जमते."

आणि पहिल्या वर्षी खरंच जमलं. सगळी बांधी, म्हणजे बांध घालून अडवलेलं वावर, जांभळी आणि त्यात हिरवे ठिपके. बायांनी दोन दिवसांत रान साफ केलं. कापणीला दाणा शुद्ध. बाबा बांधावर उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला बोलावून दाखवत होते. दुसऱ्या वर्षीही तसंच. तिसऱ्या वर्षी निंदणातल्या एका म्हातारीने मला हाक मारली.

ही म्हातारी मासे धरणाऱ्या ढिवरांच्या मोहल्ल्यातली. पावसाळ्यात आमच्याकडे निंदायला यायची आणि हिवाळ्याच्या तोंडाला तळ्यात उतरून काठावरचं रानधान झोडून आणायची. तिच्याइतकी तीक्ष्ण नजर मी कोणत्याही प्रयोगशाळेत पाहिली नाही. तिने एक लोंब माझ्या हातात दिली.

"हे पाय, मास्तरीणबाई. पान जांभळं, अन् लोंब करग्याची. कूस पाय केवढी."

"कसं झालं हे?"

"कसं होईन? आपण हिरवं उपटून राहिलो. जांभळं कोणी उपटते का? मंग ज्याले जगाचं हाये ते जांभळं होनारच."

मी चिखलात तशीच उभी राहिले. पण मास्तरीण ती मास्तरीण, मी तिथेही तिला दुरुस्त केलं. म्हटलं, आजी, करग्याले काही जगाचं-मराचं समजत नाही. त्याचा जांभळ्या धानाशी कुठं तरी संकर झाला, एखाद-दुसरा जांभळा निघाला, अन् तुमच्या हातानं तेवढाच सोडला.

ती हसली. "म्हंजे आमीच त्याले निवडून राहिलो म्हना. बाप्पा! अन् तुहा बाप आमाले रोजी देऊन राहिला."

त्या कापणीपासून मी बी ठेवायला लागले. रस्त्याकडेची एक बांधी ठरवली. तिच्यातला करगा झडायच्या आधी लोंबी तोडायच्या, वाळवायच्या, आणि दोन-तीन मुठी बी वहीच्या कागदाच्या पुडीत बांधायचं. पुडीवर साल, बांधी, पानाचा रंग, हिरवे किती आणि जांभळे किती. पुड्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, कडुनिंबाचा वाळला पाला आणि राख घालून. अड्याळच्या माझ्या भाड्याच्या खोलीत उंदीर होते, म्हणून डबा गावी, मधल्या घरातल्या फळीवर. असं आठ वर्षं चाललं. पहिल्या पुडीत जांभळे बोटांवर मोजण्याइतके होते. शेवटच्या दोन-तीन पुड्यांत हिरवा शोधावा लागला होता.

म्हणजे करग्याने आमचा जांभळा रंग घेतला आणि बाबांची युक्ती संपली. बाबांना हे कळत नव्हतं असं नाही, पटत नव्हतं. आधी ते म्हणाले, मावशीच्या दिराने फसवलं. मग म्हणाले, बाया निंदत नाहीत, बांधावर बसून तंबाखू मळतात. त्यांनी म्हातारीला आणि तिच्या सोबतिणींना काढून दुसऱ्या गावच्या बाया आणल्या. त्या तर जांभळ्याला हातही लावत नव्हत्या. मी सांगून पाहिलं.

"बाबा, बायांचा दोष नाही. जितकं नीट निंदाल तितका करगा धानासारखा होईन. बियाणं बदला."

"हे तुह्या पुस्तकात लिहून हाये?"

"नाही."

"मंग?" बाबा म्हणाले, आणि बैलांना पाणी दाखवायला गेले.

सबंध गावात पुस्तकाची महती गाणारी मीच होते. पोरांच्या वहीत पुस्तकाबाहेरचं उत्तर दिसलं की लाल रेघ मारणारीही मीच.

आठव्या पुडीनंतरच्या आषाढात भंडाऱ्याला विज्ञानशिक्षकांचं शिबिर झालं. नागपूरचे एक प्राध्यापक वनस्पतिशास्त्रावर बोलायला आले होते. उंच, थकलेले, सगळ्याला आधीच कंटाळलेले. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांना गाठलं आणि उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी पोळी चावत ऐकलं.

"बाई, तुमच्या वडिलांच्या बियाण्यात भेसळ आहे," ते म्हणाले. "याला संकर म्हणतात. उत्क्रांती म्हणत नाहीत."

"संकराने रंग आला, सर. पण तो टिकवला कोणी? बायांच्या हातांनी. न ठरवता. आणि आठ वर्षांत, लाखो नाही."

"आठ वर्षांत रंग बदलतो. जात बदलत नाही."

"मग रंग बदलण्याला काय म्हणायचं? आणि किती बदललं म्हणजे उत्क्रांती म्हणायचं, हे कोणी ठरवलं?"

माझा आवाज चढला असावा, कारण शेजारचे दोन शिक्षक ताट घेऊन पलीकडे सरकले. प्राध्यापकांनी मात्र पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहिलं.

"दरवर्षीचं बी आहे म्हणता?"

"आहे."

"वेगवेगळं? सालवार?"

"सालवार."

त्यांनी ताट खाली ठेवलं. मग म्हणाले, "इतकं जुनं बी उगवेल याची मला खात्री नाही. पण करगा चिवट असतो, प्रत्येक पुडीतले चार-दोन दाणे उगवले तरी चालेल. यंदाचा वाफा भरला. पुढच्या पावसाळ्याआधी घेऊन या, एकाच मातीत शेजारी शेजारी पेरू. माझ्या नोकरीचं ते शेवटचं वर्ष आहे. तुम्ही म्हणता तसं दिसलं, तर मी स्वतः लिहीन, तुमच्या नावाने."

त्या दिवशी एस.टी.त मला बसायला जागा मिळाली नाही आणि मला ते अड्याळ येईपर्यंत कळलंही नाही. इतकी खूश मी त्यानंतर कधीच झाले नाही.

त्याच मोसमात बाबांनी हात टेकले होते. जांभळ्या धानाचा दाणा घरात ठेवला नाही. सोसायटीतून बुटकं नवं बियाणं आणलं, बांध्यांत दोनदा चिखल केला, कर्ज काढून माणसं लावली आणि रोवणी केली. चिखलात जुना करगा बराच दडपला गेला आणि जो उरला तो नव्या धानात दुरून ओळखू येत होता. बाबांच्या दृष्टीने कटकट मिटली. माझ्या दृष्टीने शेतातलं सगळं संपलं होतं. जे होतं ते आता फळीवरच्या डब्यात होतं, दुसरीकडे कुठेच नव्हतं.

भाद्रपदात ऋषिपंचमी आली. मायची ही शेवटची पंचमी, त्या वर्षी ती व्रत उजवणार होती. हे व्रत बायका कशासाठी करतात ते मला ठाऊक होतं आणि त्याची मला चीड होती. विटाळात नकळत शिवाशिव झाली, त्याचं पाप फेडायला. कसलं पाप? शरीराचा धर्म आहे तो, मी दहावीच्या पोरींना फळ्यावर आकृती काढून शिकवते. मी मायशी यावरून इतकी भांडले होते की तिने मला सांगणंच सोडलं होतं. मी करत नाही म्हणून ती माझ्याही वाटचा उपास धरते, हे मला शेजारणीकडून कळलं होतं.

त्या दिवशी नांगराचं खायचं नसतं. बैलाच्या कष्टाचा दाणा चालत नाही. आपोआप उगवलेलं तळ्यातलं रानधान, ज्याला देवधान म्हणतात, तेच लागतं. तेही धान लाल दाण्याचं, लांब कुसाचं, झडणारं. खरं तर ते आमच्या करग्याचं सख्खं भावंडच. तळ्यात उगवलं तर देवाचं आणि बांधीत उगवलं तर वैरी. माय दरवर्षी ते त्या म्हातारीकडून घेऊन जपून ठेवायची. पण आदल्या वर्षी तळं मासेमारीच्या लिलावात गेलं होतं आणि घेणाऱ्याने काठचं सगळं रान कापून साफ केलं होतं. कोणी म्हणालं, भगर घ्या. माय म्हणाली, भगरबी नांगराचीच.

पंचमीला मी दुपारी घरी पोचले. ओसरीवर सात-आठ सवाष्णी जेवत होत्या. मायने मला हात धुवायला लावले आणि पान वाढलं. लाल भात, परसातल्या पाल्याची भाजी. भूक लागली होती, मी खायला लागले. चार घास झाल्यावर विचारलं, "माय, देवधान भेटलं कुठं?"

"भेटलं कुठं म्हंते!" माय सगळ्या बायांकडे पाहून हसली. "तुह्याच डब्यातलं होय ना. तूनं माह्यासाठीच त ठेवलं होतं, सालोसाल, थोडं थोडं. तोंडानं नाही नाही करते, पण पोटात माया हाये. मीनं साऱ्याईले सांगतलं."

बाया माझ्याकडे कौतुकाने पाहत होत्या. एकीने बोटं मोडली. माझ्या तोंडात घास होता. मी तो गिळला. बाहेर काढता आला नाही.

मी उठून मधल्या घरात गेले. डबा फळीवर होता. आत राख नव्हती, पाला नव्हता. पुड्यांचे आठ कागद मात्र होते, एकावर एक, घड्या मोडून हाताने सपाट केलेले. माय मागे आली.

"कागद नाही फेकले. लिवलं हाये ना त्याईवर."

मी परसात गेले. उखळाभोवती कोंडा पडला होता आणि कोंबड्या टिपत होत्या. मी कोंबड्या हाकलल्या आणि मातीत बसून कोंडा चिवडला. न फुटलेले काही दाणे सापडले, ओंजळीच्या तळाला पुरतील इतके. मग लक्षात आलं की त्यांचा काही उपयोग नाही. पहिल्या सालचा दाणा कोणता आणि आठव्या सालचा कोणता, हे आता देवालाही सांगता येणार नव्हतं. सगळा अर्थ त्या सालांत होता. मी ओंजळ तिथेच सोडली आणि कोंबड्या परत आल्या. मला मायला गदागदा हलवावंसं वाटत होतं. रडू येत नव्हतं, नुसता संताप होता, आणि तो ठेवायला जागा नव्हती. ओसरीवर तिचं कौतुक चाललं होतं की लेक असावी तर अशी.

मायला मी काही बोलले नाही. नागपूरला पत्र लिहिलं की बी नष्ट झालं. कसं, ते लिहिलं नाही. व्रतात शिजवून खाल्लं, असं लिहायला माझं पेन धजलं नाही. त्यांचं कार्ड आलं. बियांविना हे फक्त तुमचं सांगणं राहतं आणि सांगण्यावर कोणी काही छापत नाही, आपली कळकळ मात्र समजली, असं त्यात होतं. मी कार्ड पुन्हा पुन्हा वाचलं. त्यात चूक काही नव्हतं. माझ्याकडे आता खरोखर तेवढंच होतं, माझं सांगणं.

पौषात मायचा दमा वाढला. तिला बसवून ठेवावं लागे, आडवी झाली की श्वास अडके. ती म्हातारी ढिवरीण तिला पाहायला आली आणि बोलता बोलता सांगून गेली की तळं साफ केल्यापासून देवधानाचं एक ताट उगवलं नाही, तिच्या स्वतःच्याच घरी पंचमीला नव्हतं. म्हातारी गेल्यावर मायने जेवण परत पाठवलं. दुसऱ्या दिवशीही. बाबांना वाटलं दम्याचंच. शनिवारी मी आले तेव्हा तिने मला जवळ बसवलं आणि माझं मनगट धरलं.

"बाई, खरं सांगजो. ते डब्यातलं, तळ्यातलंच होय ना? नांगराचं त नव्हतं?"

रस्त्याकडेच्या बांधीत बाबांनी दर मिरगाला दोनदा नांगर फिरवला होता. बैल आमचेच. त्यातलाच दाणा मायने तिच्या शेवटच्या पंचमीला खाल्ला होता, सात-आठ सवाष्णींना वाढला होता, आणि तिच्या हिशेबाने जन्मभराचं व्रत मोडलं होतं. आठ वर्षं मी त्या एका गोष्टीचा पत्ता लिहीत आले होते, कोणत्या सालचं, कोणत्या बांधीतलं. जगात मला खात्रीने माहीत असलेलं असं तेवढं एकच होतं, आणि त्याला आता माझ्या शब्दाशिवाय दुसरा आधार नव्हता.

"तळ्यातलंच, माय," मी म्हणाले. "सारं तळ्यातलं. मीनं सोता झोडून आणलं होतं."

"शपथ?"

"शपथ."

तिने माझं मनगट सोडलं. तिच्या छातीतली घरघर ऐकू येत होती. मग ती म्हणाली, "तू पुस्तकाची मानूस, खोटं नाही बोलत. झालं मंग. तुह्याही वाटचं उजवलं मीनं." आणि तिने पेज मागितली.